फुगलेलं झाकण

आमच्या किरगिझ खोऱ्यात शरद आला की घराघरांतून बरण्या भरल्या जातात, आणि माझ्या बरण्यांचं नाव तीन गावांत होतं. तळलेली वांगी, लसूण, लाल मिरची, वर बोटभर तेल. लोक म्हणायचे, उरुमकानच्या हाताला चव आहे. तेच ऐकून ऐकून मी चढले होते.

मुलगी मीरगुल सीमेपलीकडे, कझाकांच्या शिमकेंतमध्ये दिलेली. तिच्या मुलाला पाळण्यात घालायचं होतं, म्हणून मी निघाले. दीड दिवस तापलेली बस आणि मांडीवर बरणी. सीमेवर उतरताना हाताला लागलं, झाकण जरासं फुगलंय. मी अंगठ्याने दाबलं, ते टक् करून बसलं. बसलं ना, मग झालं, असं म्हणून मी पुढे चालू लागले.

माझी विहीण कुल्याश, मोठ्या आवाजाची बाई. तिने घोड्याच्या मांसाची काझी स्वतः आतड्यात भरून, उकडून परातीत मांडली होती. माझ्याच्याने राहवलं नाही.

"विहीणबाई, वास जरा उग्र नाही का?"

"काझीला काझीचाच वास येणार, गुलाबाचा कुठून यायचा? खा मुकाट्यानं. तुमच्याकडे म्हणे घास मोजून खातात."

"मोजून खातो, म्हणून नव्वदी गाठतो."

"आणि आम्ही पोटभर खातो, म्हणून हसत मरतो!"

मग तिने माझी बरणी उघडली आणि तीनदा वाढून घेतलं. जावई दौरेन काझीवरून हलला नाही, आणि मीरगुल तर लहानपणापासून वांग्याला नाक मुरडते. वांगी खाल्ली ती आम्ही दोघींनीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एका पाळण्याचे दोन पाळणे दिसायला लागले. तोंडाला कोरड पडली, पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. कुल्याशनेच मला इस्पितळात आणलं. ती बाहेर बसली आणि तरुण डॉक्टरीण माझ्यावर वाकली.

"आजी, घरी बरणीत घातलेलं काही खाल्लंत का? वांगी, टोमॅटो, काहीही?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: बंद बरणीत कधी कधी जीवघेणं विष धरतं, आणि फुगलेलं झाकण ही त्याची खूण. ते झाकण माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण तीन गावांत नाव असलेली मी, व्याह्यांच्या गावात माझ्या बरणीत विष होतं म्हणून सांगू?

"नाही," मी म्हणाले. "यांच्याकडची काझी खाल्ली. वास येत होता तिला."

तिने तेच लिहून घेतलं. पोट बिघडल्याचं औषध सुरू झालं. थोड्या वेळाने कुल्याश रडत आत आली. परिचारिकेने तिला काझीचं सांगितलं होतं.

"मी घात केला तुमचा, विहीणबाई. पाहुणीला घरी बोलावून विष वाढलं! माफ करा हो मला."

"असू द्या," मी म्हणाले. "चूक होते माणसाच्या हातून. माफ केलं."

तिने माझ्या हातांचे मुके घेतले. "सगळी काझी खड्ड्यात पुरायला सांगते दौरेनला. मला आता मांसाकडे बघवत नाही. सकाळीही मी तुमची वांगीच खाल्ली, म्हणून वाचले. उरलेली रात्री पुसून खाईन. इतक्या लांबून आणलीत, वाया नाही घालवायची."

तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ जड झाली होती, पण चालत होती. 'खाऊ नका', एवढंच म्हणायचं होतं. मी मनाशी हिशेब मांडला: ही तर ठणठणीत आहे, म्हणजे बरणीत काही नसेलच. मी डोळे मिटून घेतले आणि ती घरी गेली.

सकाळी माझ्या पापण्या उघडेनात. बोटाने एक वर करून पाहिलं, तर शेजारच्या खाटेवर कुल्याश. तिची मान एका बाजूला कलली होती आणि छाती भात्यासारखी ओढत होती. मी ओरडायला गेले, घशातून नुसता वारा आला. मीरगुल उशाशी होती. तिचा तळहात ओढून मी त्यावर बोटाने एकेक अक्षर काढलं: ब र णी.

उताऱ्याचं औषध दुपारी आलं, दोघींनाही दिलं. पण ते झालेलं नुकसान भरून काढत नाही, पुढचं तेवढं थांबवतं. कुल्याशने माझ्या तिप्पट खाल्लं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. बोलता येत होतं तोवर ती काझीलाच शिव्या देत होती, असं मीरगुल म्हणाली.

मग तिने विचारलं, "आई, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुला बरणीचं विचारलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. मी मान हलवली, हो. तिने बाळाला उचललं आणि बाहेर गेली.

त्याला दोन वर्षं झाली. नातू चालायला लागला, असं ऐकते. गावातल्या बाया म्हणतात, उरुमकान, धडा मिळाला तुला, फुगलेलं झाकण दिसलं की बरणी फेकावी. ते मला आधीही माहीत होतं. मी काय आहे, ते माहीत नव्हतं.

कुल्याश माझी माफी मागून गेली. आणि मी तिला माफ केलं होतं.