हरीशचा उजवा हात

कळमनुरीत नांदेड रोडला हरीशचं गॅरेज होतं तेव्हा तिथे सगळ्या जातीच्या गाड्या यायच्या, पण त्याचा जीव एकाच गाडीवर होता. इम्पल्स नावाची मोटारसायकल. उंच मडगार्ड, लांब शॉकअप, अंगानं हडकुळी. नाल्यातून, दगडगोट्यांतून, डोंगरातल्या पायवाटेनं जायला बनवलेली. कंपनीनं ती काही वर्षं काढली आणि बंद केली. इकडे ज्यांनी घेतली त्यांना ती परवडली नाही. मागे बायकोला चढता येईना, खताचं पोतं बसेना, आणि एखादा भाग मोडला की मिळेना. मग लोकांनी ती गोठ्यात कडब्याच्या गंजीला टेकवून ठेवली ती ठेवलीच.

हरीश अशा गाड्या हुडकत फिरायचा. कुठल्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी उंच मडगार्ड दिसलं की थांबायचा, मालकाबरोबर चहा प्यायचा, पिकापाण्याचं बोलायचा आणि निघता निघता गाडीचा विषय काढायचा. एका गाडीच्या सीटखाली कोंबडी अंडी घालत होती, तर ती उठेपर्यंत त्यानं आठवडाभर वाट पाहिली. गाडी आणली की इंजिन उतरवायचं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, दुसऱ्या गाडीचा पिस्टन, तिसऱ्या गाडीच्या क्लच प्लेटा बसतात का बघायचं. तयार झालेली गाडी पुण्याकडची, नांदेडची डोंगरात भटकणारी पोरं येऊन घेऊन जायची. हरीशचं नाव त्या पोरांत झालं होतं.

घरात त्याची माय सखुबाई आणि बायको पुनम. पुनम सेनगावकडची, गोरेगावची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. नवराबायकोत भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. तो सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा, जेवून झोपायचा.

एका दुपारी इंजिन चालू ठेवून तो फडक्यानं चेन पुसत होता. असं त्यानं हजार वेळा केलं असेल. फडकं चेनीत गेलं, त्यामागं हात गेला. नांदेडच्या दवाखान्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. जखम भरली तेव्हा उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढंच राहिलं होतं. पाना धरता येईना, स्क्रू फिरवता येईना. डाव्या हातानं करायला गेला तर बोल्टाचे आटे जायचे. महिना-दोन महिन्यांत त्यानं गॅरेजची जागा सोडली आणि सगळं सामान आणून घरामागच्या अंगणात पत्र्याखाली टाकलं. अर्धी खोललेली एक इम्पल्स होती, तिच्याकडे पाठ करून तो दिवसभर ओट्यावर बसायचा.

पुनमनं हात घातला तो कुठल्या हौशीनं नाही. त्या अर्ध्या खोललेल्या गाडीचा मालक दोनदा येऊन गेला होता आणि हरीश दारात जायला तयार नव्हता. तिनं पाना उचलला आणि विचारलं, कोणता खोलू? तो ओट्यावरच वळून बसला. मग म्हणाला, डाव्या बाजूचा, खालचा. ती गाडी चालू व्हायला फार दिवस गेले. एकच गॅस्केट तिला पुन्हा पुन्हा बसवावं लागलं. पण ती लागली, आणि धूर न काढता लागली.

त्यानंतरचा काळ दोघांच्या संसारातला सगळ्यात चांगला. सकाळी सडासारवण, स्वयंपाक उरकला की पुनम साडीवर हरीशचा जुना शर्ट घालायची आणि पत्र्याखाली बसायची. हरीश स्टुलावर बसून सांगायचा. इंजिनातला टॅपेट किती सैल ठेवायचा, कार्बोरेटरमधलं पितळी जेट कसं फुंकायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावली की आतलं कसं ऐकू येतं. सांगता सांगता दुसरंही सांगायचा: पहिल्यांदा इंजिन खोललं तेव्हा परत जुळवता न आल्यानं खाल्लेला मार, बापाशी झालेलं भांडण. तीही बोलायची. गोरेगावच्या बाजारातलं, भावाचं, शाळा सुटली त्याचं. सखुबाई पलीकडे तूर निवडत बसायची आणि ऐकायची. ह्या घरात एवढं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

गावात मात्र दोघांनीही काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की पुनम हात धुऊन आत जायची, हरीश गाडी दाखवायचा. कुणी विचारलं की हात असा असून कसं करता, तर तो हसून म्हणायचा, होतं हळूहळू. पुनमला त्याचं काही वाटत नव्हतं. हाताला वंगण लागलेली बाई म्हणून गल्लीतल्या बायकांत चर्चा होण्यापेक्षा हे बरं, असं तीच म्हणाली होती.

अनिरुद्ध हिंगोलीचा. वडील देवस्थानात पूजेला, हा पुण्यात नोकरीला. दर दोन-तीन महिन्यांनी गावी यायचा आणि इसापूर धरणाच्या बाजूच्या डोंगरात गाडी घालायचा. हरीशचा हात गेल्यानंतर त्यानं हरीशकडूनच इम्पल्स घेतली होती. एकदा तो न कळवता आला. गाडीतून खडखड येत होती. पुनम दुसऱ्या गाडीखाली होती, तिला उठून आत जायला सवड मिळाली नाही. हरीशनं बसल्या जागेवरून ऐकलं आणि सांगितलं, टॅपेट आहे, जुळवून देतो, चहा होईपर्यंत होईल.

पुनमच्या तोंडून निघून गेलं.

"टॅपेट न्हाई वाटत. एक्सलेटर सोडला की वाढून राहिली. टायमिंग चेन असंल."

हरीश हसला. म्हणाला, बघू की खोलून. खोललं तर इंजिनातली ती चेन ढिली पडली होती, तिला ताणून धरणारी पट्टी झिजली होती. पट्टी बदलली, आवाज गेला. अनिरुद्धला सगळं उमगलं. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याला खरोखर आनंद झाला आणि तो हरीशला म्हणाला की हरीशभाऊ, वहिनी अशी गाडी ऐकतात हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत. हरीश म्हणाला, शिकवलंय तिला. ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी हरीश अर्ध्या भाकरीवरच उठला. पुनमनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी तो सांगायला स्टुलावर बसला, पण आता सांगणं वेगळं होतं. तिला माहीत असलेलंच तो सांगायचा, आणि त्यानं सांगायच्या आधी ती करून मोकळी झालेली असली की पुन्हा खोलायला लावायचा. तीही खोलायची.

जाताना अनिरुद्धनं पुनमचा फोटो काढून नेला होता. काळे झालेले हात, शर्टाच्या बाह्या वर, बाजूला उघडं इंजिन. तो त्यानं आपल्या गाडीवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की माझी गाडी ह्या पुनमताईंनी बांधली आहे. फोटो कुठून कुठे गेला. मग हरीशच्या फोनवर फोन यायला लागले. आधी जी पोरं हरीशभाऊ म्हणायची, ती आता विचारायची, पुनमताई आहेत का?

पुनमला हे कळलं ते उशिरा. ती पत्र्याखाली होती आणि हरीश ओट्यावर. फोन वाजला, त्यानं उचलला, ऐकलं आणि म्हणाला, राँग नंबर आहे. थोड्या वेळानं परत वाजला. परत राँग नंबर. तिनं मान वर केली नाही. हातातला बोल्ट मात्र तिनं गरजेपेक्षा जास्त आवळला आणि तो तुटला.

त्या दिवसांत पत्र्याखाली एक गाडी होती ती विकायची नव्हती. थावरा नावाच्या दूधवाल्याकडून आणलेली. तो तांड्यावरून कळमनुरीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून दूध आणायचा. दुधानं आणि पावसानं तिची चौकट गंजून गेली होती. भंगारातच जाणार होती. पुनम म्हणाली होती, ही मला राहू द्या. तेव्हा दोघांत सगळं ठीक होतं. हरीशनं हसून, घे म्हटलं होतं. इतर गाड्यांचं काम संपलं की उरलेल्या वेळात ती ही गाडी करायची. टाकी तिनं स्वतः घासली आणि हिरवी रंगवली. हिरवा रंग का, तर डबा तेवढाच उरला होता. चालवायलाही ती ह्याच गाडीवर शिकली, घरामागच्या पांदीतल्या कच्च्या वाटेवर. पाय जमिनीला पुरत नसत, म्हणून थांबताना एखाद्या बांधाशी थांबायची. दोनदा पडली. सखुबाईनं हळद लावली आणि म्हणाली, बरी चालवतीस.

पुनमच्या भावाला मुलगी झाली. बारशाला गोरेगावला जायचं होतं. ती हिरव्या गाडीवरून जाते म्हणाली. हरीश म्हणाला की लायसन नाही, हिंगोलीत पोलिसांनी धरलं म्हणजे? बोलणं बरोबर होतं. ती एसटीनं गेली. हिंगोलीला बस बदलली, सेनगावला उतरली, पुढं जीपनं. दोन दिवस राहिली. बारशात बायकांनी तिच्या नखांतलं काळं पाहिलं आणि ती लपवत बसली नाही.

परत आली तेव्हा अंगण रिकामं होतं.

पत्र्याखाली एकही गाडी नव्हती. फळीवरचे पाने नव्हते, पेट्या नव्हत्या, रॉकेलचं घमेलं नव्हतं. हरीशनं भंगारवाल्याचा टेम्पो बोलावून सगळं दिलं होतं. हिरवी गाडी तेवढी भिंतीला होती, पण ती चालवण्यासारखी राहिली नव्हती. इंजिनच्या खोक्याला डाव्या बाजूनं मोठी भेग होती, तेल गळून जमिनीत मुरलं होतं. टाकी आत गेली होती. घणाचे घाव वेडेवाकडे होते. काही चुकून भिंतीवर बसले होते आणि तिथला गिलावा पडला होता. डाव्या हातानं मारलेले होते ते, हे तिला बघताच कळलं.

सखुबाई दारात बसली होती. ती म्हणाली की मी आडवी गेले होते पण त्यानं ऐकलं नाही. मग लेकाकडे बघून, पुनमच्या देखत, हळूच बोलली.

"तुजा हात गेला ते नशीब. तिचा काहून तोडला?"

पुनमनं हरीशला एवढंच विचारलं की विकायच्या होत्या तर विकायच्या, ही फोडली कशाला.

"मला बघवत नव्हतं," तो म्हणाला. "तू आन माय हसायच्या. फोन तुजे यायचे. मी नुसता बसून राहिलो होतो."

"तुमीच सांगत होतात. मी तुमचंच करून राहिले होते."

"व्हय. ते तर बघवत नव्हतं."

पुनम रडली नाही. तिला रडू येईल म्हणून हरीश तयार होऊन बसला होता, त्याला ते सोपं गेलं असतं. तिनं हिरव्या गाडीपाशी बसून भेगेतून आत बघितलं. गिअर शाबूत होते. खोका नवा मिळाला असता तर गाडी झाली असती, पण खोका कुठं मिळत नाही, हे तिला हरीशनंच शिकवलं होतं. आठवड्यानं तिनं स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं आणि ती गाडी देऊन टाकली.

अनिरुद्ध पुन्हा आला तेव्हा त्याला अंगण रिकामं दिसलं. त्यानं पुनमला सांगितलं की नांदेडला माझ्या मित्राचं गॅरेज आहे, तिथं तुमच्या हातचं काम मिळेल, फक्त जुन्या गाड्यांचं. पुनमनं विचार केला. सखुबाईला दिसत कमी होत होतं, तिला टाकून नांदेडला राहता येणार नव्हतं. ती नाही म्हणाली. अनिरुद्धची गाडी पुढच्या पावसाळ्यात बंद पडली आणि त्यानं ती विकली असं कळलं.

घर तर चालायला हवं होतं. पुनमला हिंगोलीत दुचाकींच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम मिळालं. रोज सकाळी एसटीनं जाते, संध्याकाळी येते. निळा टी-शर्ट आहे, खिशावर तिचं नाव आहे. नव्या स्कूटर धुवायच्या, ऑईल बदलायचं, एअर फिल्टर फुंकायचा. इंजिन तिथं तिला कुणी उघडू देत नाही; ते वरच्या पोरांचं काम. एकदा एका मोटारसायकलमधून टायमिंग चेनची खडखड येत होती. तिला दुरूनच कळलं. ती बोलली नाही. पोरांनी दोनदा टॅपेट जुळवले आणि गाडी तशीच गिऱ्हाइकाला दिली.

हरीश एका बियाण्यांच्या दुकानात बसतो. बरा बोलतो गिऱ्हाइकांशी. पुनमवर तो कधी ओरडला नाही, गाडी फोडली त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी तिच्या बसच्या वेळेला तो स्टँडवर येऊन थांबतो, तिची पिशवी डाव्या हातात घेतो. घरी येईपर्यंत दोघं शेजारी चालतात. दारात आल्यावर तो रोज विचारतो, आज काय काय खोललं. ते विचारताना त्याचा आवाज जुना होतो, स्टुलावरचा.

"काई न्हाई," पुनम म्हणते.

सखुबाई आतून ऐकते आणि चुलीत काटक्या सारते.