ट्रास्क तिसरा आला

ट्रास्क तिसरा आला आणि रोलंडच्या खानावळीत सकाळी सकाळी जो तो त्याचंच कौतुक करत सुटला, तेव्हा व्हर्ना पेल्कीला काही ते पटेना. तिसरा येणं म्हणजे हरणं, अशी तिची आपली साधी समजूत. शाळेत तिसऱ्या आलेल्या पोराला कोणी खांद्यावर घेऊन नाचत नाही. पण अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षाची पहिली निवडणूक होते ती याच न्यू हॅम्पशर राज्यात, आणि इथलं गणितच उफराटं.

"अकरा टक्के, व्हर्ना," रोलंड कॉफी ओतता ओतता म्हणाला. "सगळे सर्व्हे त्याला चारच देत होते. आणि जो पहिला आला त्याला चाळीस तरी पडायला हवे होते, पडले एकतीस. मग जिंकलं कोण? ट्रास्क."

"एकतीस मोठे की अकरा?" व्हर्ना म्हणाली. "शाळेत माझ्या शेजारी बसायचास तेव्हाही तुझं गणित हे असंच होतं."

बाकड्यांवरची माणसं हसली. व्हर्नालाही एरवी हसू आलं असतं. पण भिंतीवरच्या टीव्हीत टाय लावलेले तिघे जण रोलंडचंच पालुपद आळवत होते, आणि तिला तो टीव्ही उचलून बाहेर बर्फात फेकावासा वाटत होता.

तिच्या जिवाला काय लागलं होतं ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची एकुलती एक मुलगी जेनेल अठराव्या वर्षी गाव सोडून गेली ती गेलीच. वॉशिंग्टनला कसल्या कसल्या नोकऱ्या केल्या. नाताळला आली तर आली. आता चौतिसाव्या वर्षी ऑक्टोबरात ती घरी येऊन थडकली, कारण ट्रास्कच्या प्रचाराचं काम तिला इथलंच मिळालं. चार महिने ती आपल्या जुन्या खोलीत झोपली. दाराशी तिचे चिखलाचे बूट, न्हाणीघरात तिचे केस, सकाळी पाव करपला म्हणून दोघींची हुज्जत. नवरा गेल्यापासून व्हर्नाचं घर इतकं घर कधी वाटलं नव्हतं.

डिसेंबरात ट्रास्क स्वतः जेवायला आला. माणूस भला होता. बीन्स दोनदा वाढून घेतल्या, फोटोतल्या नवऱ्याची चौकशी केली. तो गेल्यावर भांडी पुसता पुसता जेनेल म्हणाली, "दोन आकडी टक्के पडले नाहीत तर संपलं सगळं, आई. मग मी कुठेच जायची नाही. शाळेत इतिहासाच्या शिक्षिकेची जागा रिकामी आहे, तीच धरीन."

त्या दिवसापासून व्हर्ना त्या भल्या माणसाच्या वाइटावर टपली. लाज वाटायची तिला, नाही असं नाही. पण जानेवारीत सर्व्हेवाल्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा ती न चुकता विचारायची, "ट्रास्क? कोण ट्रास्क?" सात वेळा फोन आला, सातही वेळा तिने हेच केलं. आपल्या परीने तिने त्याला पार झोपवलं होतं.

"सर्व्हेवाले चुकले कसे एवढे?" शेजारच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"चुकतील नाही तर काय. मी दर फोनला वेगळं नाव सांगतो," रोलंड म्हणाला. "दिवसाला दहा फोन, खरं सांगतंय कोण? आणि बरंच झालं. ते आधीच दहा-बारा म्हणाले असते तर आज अकराला कोणी विचारलं असतं का? मुकाट घरी गेला असता बिचारा. चार म्हणाले म्हणून तर अकराचं एवढं कौतुक."

व्हर्नाने कप खाली ठेवला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याला पाडायला निघाली त्याच्या पायाखाली तिनेच फळी सरकवली होती. कॉफी अर्धी टाकून ती उठली.

घरी पोचली तर अंगणात जेनेलच्या गाडीची डिकी उघडी होती. पोरगी अक्षरशः उडत होती. "तीन वाजेपर्यंत गाडीने खाली मँचेस्टर शहरात पोचायचंय, तिथून रात्रीचं विमान. पुढची निवडणूक साउथ कॅरोलायनात, आई. काल सकाळपर्यंत आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं."

व्हर्ना तिच्या मागोमाग खोलीत गेली. पलंगावरची चादर काढून घडी घातलेली होती.

"तू मत त्यालाच दिलंस ना?" जेनेलने सहज विचारलं.

"नाही दिलं," व्हर्ना म्हणाली, आणि मग तिने सगळंच सांगून टाकलं. फोन, सात वेळा, कोण ट्रास्क.

जेनेल पलंगावर बसली. "सात वेळा?"

"शेवटच्या वेळी तर विचारलं, तो अजून जिवंत आहे का म्हणून."

जेनेलला हसू फुटलं. पोट धरून हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "एवढे उद्योग केलेस. त्यापेक्षा मला एकदा राहा म्हणायचंस ना."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

पोरगी बापावर गेलेली. खोटं बोलणं जमायचंच नाही. "नाही. पण अठराव्या वर्षी गेले, तेव्हाही म्हणाली नाहीस. ट्रंक उचलायला मदत केलीस उलट. मला वाटलं, तुला चालतंय."

पोरीच्या पायात अडकायचं नाही म्हणून व्हर्ना सोळा वर्षं तोंड दाबून बसली, आणि पोरीने त्याचा हा अर्थ लावला होता.

"राहा," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. "राहा गं जेनेल. तू नसलीस की मला या घरात जेवणसुद्धा जात नाही."

जेनेलने तिला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग उठून शेवटची बॅग उचलली, कारण तिघे सहकारी मँचेस्टरला तिची वाट बघत होते. गाडी सुरू करून तिने काच खाली केली.

"रविवारी फोन करीन. तेव्हाही म्हण."

"आणि तू काय म्हणशील?"

"नाही म्हणेन."

"म्हण," व्हर्ना म्हणाली. "तू नाही म्हण. मी दर रविवारी म्हणेन."