टेबल टेनिसच्या हॉलमधला वॉल्ट्झ

आनंदा घरत नाच शिकत होता, आणि ही गोष्ट त्याने दोन महिने बायकोपासून लपवून ठेवली होती. चोपन्नाव्या वर्षी माणसं बायकोपासून काय काय लपवतात ते पाहिलं, तर हे प्रकरण अगदीच निरुपद्रवी म्हणायचं. पण आनंदाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो चोर असल्यासारखा वागत होता. दर बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो "साखर वाढलीय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय" असं दाराकडे बघून म्हणायचा आणि बाहेर पडायचा. चालायचा तो नवीन पनवेलच्या रहिवासी क्लबापर्यंत, म्हणजे जेमतेम सहा मिनिटं.

क्लबात टेबल टेनिसची टेबलं मिटवून भिंतीला लावलेली असत आणि मोकळ्या फरशीवर पद्मजा मॅडम नवशिक्यांना वॉल्ट्झ हा जोडीने करायचा विलायती नाच शिकवत. मॅडमचं वय सदुसष्ट, आवाज मात्र पंचविशीतला. त्यांचं अर्धं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलं होतं. भुसावळला नवऱ्याबरोबर हौसेने शिकलेला नाच नवरा वारल्यावर त्यांनी पनवेलकरांना शिकवायला काढला होता. त्यांच्या "एक, दोन, तीन"ला वर्गात सगळेच टरकून असत, कारण चुकलेलं पाऊल त्यांना पाठमोरं असतानाही कळायचं.

आनंदा हे सगळं मनिषासाठी, म्हणजे बायकोसाठी करत होता. उलव्याच्या बाजूला त्यांचं गाव होतं, तेव्हा कुणाचीही हळद असो, मनिषा मांडवात उतरल्याशिवाय नाचाला रंग चढत नसे. बँडवाले तिला नावाने ओळखायचे. दोन पोरींना धरून ती जो फेर धरायची, तो मांडवातल्या सगळ्या बायकांना मागे ओढून घ्यायचा. आनंदा त्या वेळी हाताची घडी घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभा असायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा. नाचायचं त्याच्या कधी डोक्यातही आलं नाही.

पुढे विमानतळाच्या जागेत गाव गेलं. भावकीतले सगळे नव्या वसाहतीत एकमेकांशेजारी घरं बांधून राहिले, आणि आनंदाने परस्पर पनवेलमध्ये पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन टाकला. लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, बाजार हाकेच्या अंतरावर होता. त्याने सगळा विचार केला होता, फक्त मनिषाला विचारायचं राहून गेलं. तीही काही बोलली नाही. सामान बांधलं, आली, देव मांडले. पण त्यानंतर चार वर्षं ती नाचली नव्हती. हळदीचं बोलावणं आलं की जायची, खुर्चीत बसायची, जेवून परत यायची. पाय दुखतात म्हणायची. तिचे पाय दुखत नव्हते हे आनंदाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं त्याला फार जड जात होतं.

म्हणून क्लबच्या फाटकावरचा फलक वाचून तो थबकला. नवशिक्यांसाठी जोडीचा नाच, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून नाचायची एक संध्याकाळ. त्याचा हिशेब सरळ होता. आपण आधी शिकायचं, मग त्या संध्याकाळी तिला न्यायचं, हात पुढे करायचा, आणि ती नाचेल. दुसरं काही त्याला सुचतही नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. वर्गात पाच जोडपी होती आणि दोन पुरुष एकटे आले होते. एक आनंदा आणि दुसरे मुश्ताकभाई. मुश्ताकभाई बावीस वर्षं मस्कतला एका कंपनीच्या गोदामात होते आणि नुकतेच कायमचे परतले होते. घरी बसून त्यांनी बायकोच्या मसाल्याचे डबे आकाराप्रमाणे लावले, मग नावाप्रमाणे लावले, तेव्हा त्यांच्या फरिदाने त्यांना सरळ सांगितलं की संध्याकाळी दोन तास तरी घराबाहेर काढा, काय वाट्टेल ते शिका. पद्मजा मॅडमनी दोघांना शेजारी उभं केलं, उंची पाहिली, आणि निकाल दिला. मुश्ताकभाई उंच, तेव्हा ते पुरुषाचं काम करतील. आनंदा बाईचं.

आनंदाने मान खाली घातली, पण निमूटपणे हात दिला. आणि गंमत म्हणजे त्याला ते फार लवकर जमलं. वॉल्ट्झमध्ये पुरुष डावं पाऊल पुढे टाकतो आणि बाई उजवं मागे घेते. आता, मागे चालणं हाच आनंदाचा धंदा होता. जासईच्या एका कंटेनर यार्डात अठरा वर्षं तो ट्रेलर मागे घ्यायला उभा होता. तोंडात शिट्टी, एक हात वर, आणि चाळीस फुटी ट्रेलर अंगावर येत असताना एकेक पाऊल मागे सरकायचं. त्याला पाठीमागची फरशी न बघता कळायची. बाकीच्या बायका मागे जाताना अडखळायच्या, वळून बघायच्या, नवऱ्यावर चिडायच्या. आनंदा हलकेच सरकायचा. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी त्याला मध्ये उभं करून सगळ्या बायकांना सांगितलं, यांच्याकडे बघा, असं मागे जायचं. मुश्ताकभाईंना तर अभिमानच वाटला.

यार्डात हे कुणाला कळलं असतं तर त्याची नोकरी मुश्कील झाली असती. पण कळलं ते घरी. आनंदाला स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत उलटं चालायची सवय लागली होती. एक हात हवेत, डोळे अर्धवट मिटलेले. मनिषाने हे तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा पाहिल्यावर पुण्याला दिपाला, म्हणजे त्यांच्या मुलीला फोन लावला की बाबांच्या डोक्याचं काहीतरी बघायला पाहिजे. दिपाने बाबांना फोन करून दम दिला, तेव्हा आनंदाने मनिषाजवळ सगळं कबूल करून टाकलं. शनिवारी संध्याकाळी क्लबात कार्यक्रम आहे, तू ये, एवढं सांगताना त्याला घाम फुटला. मनिषा भेंडी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, येईन, बसेन, खाऊन परत येईन, नाचायला नाय सांगायचं.

येईन म्हणाली, यातच आनंदाला आभाळ ठेंगणं झालं. मग आदल्या दिवशी, शुक्रवारच्या वर्गात, त्याच्या लक्षात आलं की आपण केवढे मूर्ख आहोत. उद्या बायकोला धरून नाचायचं तर पुरुषाची पावलं टाकायला हवीत, आणि दोन महिन्यांत त्याने एकदाही पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. तो मॅडमकडे धावला. मॅडमनी कपाळाला हात लावला, तरी मुश्ताकभाईंना बाई केलं आणि आनंदाला म्हणाल्या, चला, न्या त्यांना.

आनंदा नुसता उभा राहिला. मुश्ताकभाईही उभे राहिले. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं दोनदा होऊन गेलं, तरी दोघं एकमेकांकडे बघतच होते. आनंदा वाट बघत होता, कुणीतरी आपल्याला हलवेल म्हणून. शेवटी त्याने धीर करून पाय उचलला तो नेमका मुश्ताकभाईंच्या अंगठ्यावर, आणि दुसऱ्यांदाही तिथेच. मुश्ताकभाई खुर्चीत बसून बूट काढत म्हणाले की आनंदाभाय, तुमची काय चूक नाही, माझ्याच पायाचं नशीब खराब. मॅडमनी समजूत घातली की एका दिवसात हे होणार नाही. उद्या वहिनींजवळ बसा, गप्पा मारा, पुढच्या बॅचला दोघं या. आनंदाने हो म्हटलं. पुढच्या बॅचला मनिषा येणार नाही हे त्याला माहीत होतं. एवढी एकच संध्याकाळ तिने त्याला दिली होती, आणि ती त्याने आधीच घालवली होती.

शनिवारी मनिषा मोरपंखी साडी नेसून, केसांत अबोली माळून आली. हॉलमध्ये पताका लावल्या होत्या, एका टेबलावर ढोकळा आणि पॅटिस मांडलं होतं, आणि नवशिके नवीन कपड्यांत अवघडून उभे होते. मनिषा भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. शेजारी फरिदा येऊन बसली. दोघींची ओळख झाली आणि पाच मिनिटांत नवऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. आनंदा शेजारी ताटकळत उभा होता. तिला विचारायची त्याची छाती होत नव्हती आणि न विचारताही राहवत नव्हतं.

गाणं सुरू झालं. जोडपी उतरली. आणि मुश्ताकभाई नेहमीच्या सवयीने आनंदासमोर येऊन हात पुढे करून उभे राहिले.

आनंदाने डोळ्यांनीच नको म्हटलं. मुश्ताकभाईंना ते कळलं नाही, किंवा कळून त्यांनी कानाडोळा केला. सगळ्यांसमोर माणसाला परत पाठवणं आनंदाच्या स्वभावात नव्हतं. तो गेला. बायकोकडे पाठ करून त्याने डावा हात मित्राच्या खांद्यावर ठेवला आणि आता जी काही अब्रू जायची ती जाऊ दे म्हणून उजवं पाऊल मागे टाकलं. आणि एकदा ते टाकल्यावर त्याला बाकीचं काही सुचलं नाही. मुश्ताकभाईंचा तळहात पाठीवर जरासा दाबला की तो डावीकडे वळायचा, सैल पडला की थांबायचा. दोन प्रौढ माणसं, एकाच्या पायात मस्कतचे चकचकीत बूट आणि दुसऱ्याच्या पायात यार्डातले, फरशीवरून सुरेख सरकत होती.

फरिदा हसून हसून बेजार झाली. मनिषाही आधी हसली, पदर तोंडाला लावून. मग तिचं हसू थांबलं. तीस वर्षं संसार केलेल्या या माणसाला तिने कधी कुणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. चिडका नव्हता, वाईट तर मुळीच नव्हता, पण एकदा त्याच्या मनाने घेतलं की झालं, बाकीच्यांनी मागून यायचं. आणि आता तोच माणूस दुसऱ्याच्या बोटांकडे लक्ष ठेवून चालत होता. कुठे जायचंय हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याची त्याला भीतीही वाटत नव्हती. मनिषा उठली. पदर खोचला, नाचणाऱ्या जोडप्यांमधून सरळ वाट काढत मध्ये गेली आणि मुश्ताकभाईंच्या दंडाला बोट लावलं.

"भाई, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "मी बघते यांना."

मुश्ताकभाई अदबीने मागे सरले. आनंदा घाबरून पुटपुटला की मला पुरुषाचं येत नाही, फक्त बाईचं येतं. मनिषाने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि पाठीला आपला हात लावला. तिला वॉल्ट्झ येत नव्हता. तिने गाणं थोडं ऐकलं, मान हलवली, आणि मांडवात टाकायची तशी पावलं टाकायला सुरुवात केली, तीनच्या तालात बसवून. आनंदाचं पाऊल आपोआप मागे पडलं.

सगळे एका दिशेने फिरत होते, ती उलट्या दिशेने निघाली. दोन जोडपी तिला चुकवताना एकमेकांवर आदळली. पद्मजा मॅडम काहीतरी ओरडल्या, मग गप्प बसून बघत राहिल्या. मनिषाने नवऱ्याला ढोकळ्याच्या टेबलापर्यंत नेलं, तिथून गर्रकन वळवून खिडकीपर्यंत नेलं, आणि पुन्हा मध्यभागी आणलं. चार वर्षांनी ती नाचत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि अबोलीतलं एक फूल खाली पडलं होतं. आनंदाला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो पावलं मोजायला लागला.

खिडकीजवळ दुसऱ्यांदा आल्यावर ती त्याच्या कानाशी म्हणाली, "घर घेतलंत तवा मना इचारलं नाय तुमी."

"नाय इचारलं," आनंदा म्हणाला. "चुकलं माझं."

हे शब्द त्याने चार वर्षं तोंडात धरून ठेवले होते. मनिषाने त्याला पुन्हा वळवलं, आणि तो वळला.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, जोडपी हात सोडून खाण्याच्या टेबलाकडे निघाली. फरिदाने मुश्ताकभाईंना पॅटिसची बशी आणायला पाठवलं. आनंदाला वाटलं आता झालं, मनिषा म्हणाली होती तेवढं सगळं झालं, त्याहून जास्तच झालं. त्याने बायकोच्या खांद्यावरचा हात काढायला घेतला.

"थांबा," मनिषा म्हणाली. "मी सोडलं नाय अजून."

आनंदा थांबला. हॉलच्या मधोमध, गाण्याशिवाय, ती कुठे नेते याची वाट बघत उभा राहिला.