मोडीत काढलेला पहारेकरी

नणंदेच्या रुसव्याची घरात सगळ्यांनाच सवय होती. पण या वेळी तिने नवऱ्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं आणि वर ऑपरेशनलाच साफ नकार दिला, तेव्हा मात्र वहिनीला ते नेहमीचा रुसवा म्हणून सोडून देता येईना.

दुखणं तसं वेळेवर हाती लागलं होतं. गर्भाशयाच्या मुखाशी काही पेशी बिघडल्या होत्या. अजून कॅन्सर नव्हता, पण पावलं त्याच वाटेला लागली होती. छोटंसं ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकला की काम भागणार होतं. पण डॉक्टरीणबाई बोलता बोलता सांगून गेल्या, की हा एका विषाणूचा प्रताप आहे आणि तो शरीरसंबंधातून येतो. झालं! नणंदेने घरी येताच नवऱ्याला फैलावर घेतलं. "कोण आहे ती? नाव सांगा. तोवर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही." तो बिचारा घड्याळं दुरुस्त करणारा, दिवसभर भिंग लावून एकटाच दुकानात बसणारा माणूस. आधी गयावया करत राहिला, मग गप्प झाला. गप्प झाला म्हणजे गुन्हेगार, असा निकालही लगेच लागला.

वहिनीचं निम्मं आयुष्य याच विषाणूचा अभ्यास करण्यात गेलं होतं. "आमची शास्त्रीणबाई पेशींना दूध पाजते," असं नणंद चारचौघांत सांगायची. वहिनी ते हसून सोडून द्यायची, कारण ती प्रयोगशाळेत अडकलेली असताना तिच्या पोरांना जेवू घालून निजवणारी हीच नणंद होती. आईनंतर इतका जीव वहिनीने दुसऱ्या कुणाला लावला नव्हता. आणि ही बाई आता हट्टापायी जिवाशी खेळायला निघाली होती.

"वन्सं, एकदा माझ्या प्रयोगशाळेत या," तिने गळ घातली. नणंद आली, पण तिची अट होती. नवऱ्याने गाडीतून आणायचं आणि खालीच थांबायचं.

वर आल्यावर नणंदेने पांढरा कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि पेशी ठेवलेल्या उबदार कपाटात डोकावून पाहिलं.

"हीच का तुझी लाडकी? नुसतं गुलाबी पाणीच दिसतंय की."

वहिनीने तिला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, सूक्ष्मदर्शकाखाली एक बशी सरकवली आणि बघायला सांगितलं.

"हिरवे ठिपके आहेत. छान आहेत गं."

"तो पेशीचा पहारेकरी. एक प्रथिन आहे ते. पेशीत बिघाड झाला की हा तिची वाढ थांबवतो, वेळ पडली तर तिला मारूनही टाकतो. आम्ही या पेशींना मुद्दाम जराशी इजा केली, म्हणून तो जागा झालाय. आता ही दुसरी बशी बघा. इजा तेवढीच केलीय, पण हिच्यात त्या विषाणूचं प्रथिन आहे."

"इथे तर सगळा अंधारच. मेल्याने खाल्लं वाटतं पहारेकऱ्याला."

"तो स्वतः काहीच करत नाही, वन्सं. नको झालेल्या प्रथिनांवर खूण चिकटवायची सोय प्रत्येक पेशीत असते. खूण दिसली की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. घर साफ राहावं म्हणून चाललेलं रोजचं काम आहे ते. हा विषाणू फक्त खूण चिकटवणाऱ्याला पहारेकऱ्यापाशी आणून उभा करतो. पुढचं सगळं पेशीच करते, आपल्या हाताने."

नणंद बराच वेळ वाकून बघत राहिली. "मूर्ख बाई," ती पेशीला म्हणाली. मग मान वर करून तिने वहिनीलाच धरलं. "ते असू दे. तू मला खरं सांग. यांनी बाहेर शेण खाल्लं ना?"

"नाही हो," हे शब्द वहिनीच्या अगदी ओठांवर आले होते. ते एवढे दोन शब्द बोलले असते, की सगळं मिटलं असतं. पण या बाईशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"ते कुणालाच सांगता येत नाही, वन्सं. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. भाऊजींकडून आला असला, तरी तो लग्नाच्या आधीचाही असू शकतो."

"आणि माझ्याकडून?"

"तुमच्याकडून आला असला, तरी तसंच," वहिनी सहज म्हणाली आणि नणंदेचा चेहरा पाहून थबकली.

नणंद चाचपडत स्टुलावर बसली. "होता एक," ती हळूच म्हणाली. "लग्नाच्या आधी. तुझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही."

वहिनीने हातमोजा काढला आणि तिचा हात हातात घेतला. "यात लाजण्यासारखं काही नाही हो. हा विषाणू इतका सर्रास आहे, की कधी ना कधी बहुतेकांना गाठतोच."

"मी त्यांना काय काय बोलले गं!" नणंद म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

दोघी खाली आल्या तेव्हा नणंदेचा नवरा गाडीजवळ उभा होता. बायकोचे सुजलेले डोळे पाहून त्याचा रंगच उडाला. ती तोंड उघडणार इतक्यात त्याने हात वर केला.

"थांब, आधी मी बोलतो. चुकलं माझं. होती एक बाई."

वहिनीने चमकून नणंदेकडे पाहिलं.

"कुठली बाई?" नणंदेने विचारलं.

"दुकानात यायची. घड्याळ घेऊन."

"नाव काय तिचं?"

तो जमिनीकडे बघत राहिला. भिंगाशिवाय त्याचे डोळे फार थकलेले दिसत होते. "नाव तूच ठरव," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणशील ते नाव मी घेतो. पण ऑपरेशन करून घे गं."

वहिनीने तोंड फिरवलं, कारण तिलाही रडू आवरेना. नणंद पुढे झाली आणि भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरून उभी राहिली.

"अहो, एक नाव आहे माझ्याकडे," ती म्हणाली, "पण ते बाईचं नाही."

मग त्याने गाडीचं दार उघडलं, तिला बसवलं आणि तिचा पदर दारात अडकू नये म्हणून नीट आत सारला.

"बरी होऊन घरी आलीस, की सांग," तो म्हणाला.