थांबायला शिकलेली करवत

मी करवत बोलतेय. सुताराच्या हातात असते ती साधी करवत नव्हे. मी पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढली की गुरगुरणारी, जाडजूड खोडं कापणारी मोठी करवत. माझं पातं मोठ्या माणसाच्या अख्ख्या पायाएवढं लांब आहे. आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव अस्वस्थ. निम्मं आयुष्य मला एका जागी थांबताच आलं नाही. का, ते कुणालाच कळत नव्हतं. ते कळायला एका बाईचा साबण लागला.

माझा पहिला मालक जंगलात लाकूडतोडीच्या टोळीत होता. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. दर वेळी पेट्रोल संपलं की ओंडक्यावर बसून तो कानशीने माझा एकेक दात घासायचा. बोटाखालचा घोडा दाबला की माझी साखळी पळायची, घोडा सोडला की जागच्या जागी उभी राहायची. कापता कापता मध्येच तो घोडा सोडायचा आणि मान तिरकी करून ऐकत राहायचा. नवख्या माणसाला सांगायचा, "पडायच्या आधी झाड बोलतं. आपण गप्प असलो तरच ऐकू येतं."

त्याची कंबर गेली, डॉक्टरने ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि त्याने मला विकलं. देताना स्वच्छ पुसून दिलं. मी ज्याच्याकडे गेले तो यंत्रं भाड्याने देणारा होता.

तिथे रोज नवा हात. भाड्याच्या वस्तूला माणसं कशी वागवतात ते मी बघितलंय. स्वतःच्या घरात दारसुद्धा हळू लावणारा माणूस भाड्याचं यंत्र टेम्पोतून खाली फेकतो. माझ्यासारखीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, तेच माझ्या पोटातलं वंगण. कुणीतरी एकदा नुसतंच पेट्रोल ओतलं. पिस्टनवर खोल ओरखडे उठले. ते कुणाला दिसले नाहीत.

त्याच सुमारास मला ती खोड लागली. घोडा सोडला तरी माझा वेग खाली येईना. कधी उतरायचा, कधी आपोआप चढायचा, आणि साखळी सरकतच राहायची. एका गिऱ्हाइकाने फांदी कापून झाल्यावर, मी थांबले असं समजून मला पायाशी टेकवलं. त्याची विजार फाटली आणि नडगीवर लाल रेघ उमटली. तो बरा झाला, असं दुकानात बोलताना ऐकलं. पण मी ते विसरले नाही. दुकानदाराने मला पुसलं, "विकणे आहे" अशी चिठ्ठी चिकटवली आणि फळीखाली ढकललं. तिथल्या अंधारात मी एकच विचार करत पडून असायचे. माझं काय चुकतंय, आणि पुढचा पाय कुणाचा असेल?

एके दिवशी सकाळीच दुकानदाराने मला बाहेर काढलं आणि चांगली पंधरा मिनिटं चालवून तापवून ठेवलं. थोड्या वेळाने एक जोडपं आलं. तो झाडं तोडणारा, रुंद खांद्यांचा. ती घर सांभाळणारी, फावल्या वेळात शिवणकाम करणारी.

"एका दोरीत चालू होते, बघाच," दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात त्या बाईने, इस्त्री तापली का बघावं तसा, पालथा हात माझ्या सायलेन्सरजवळ नेला.

"ही गरम आहे," ती म्हणाली.

"सकाळी जरा फिरवली होती."

"मग आम्ही बसतो. गार झाली की दाखवा."

नवरा ओशाळला. "अगं, त्यांना दुसरी गिऱ्हाइकं असतील."

"असू देत. आपल्याला घाई आहे म्हणून तर बसायचं."

तास-दीड तास दोघं पालथ्या खोक्यावर बसून राहिली. मग दुकानदाराने दोरी ओढली. एकदा, दोनदा, अकरा वेळा. मी खोकले, पण उठले नाही. त्याने घाम पुसला आणि उगीचच रस्त्याकडे बघत राहिला.

"घेऊ या," बाई म्हणाली.

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "चालत नाही, दिसतंय ना?"

"म्हणून तर. बिघाड आहे ते तरी कळलं. लपवलेला बिघाड घरी नेण्यापेक्षा हे बरं."

दुकानदाराने भावावरून पुढे एक शब्द काढला नाही.

मला एवढ्या तातडीने का आणलं, ते घरी पोचल्यावर समजलं. एकाच अंगणात दोन भावांची दोन घरं. धाकटा भाऊ दूर नोकरीला. त्याच्या घरामागे एक प्रचंड झाड, दोन वर्षांत एक पान न फुटलेलं, आणि नेमकं निजायच्या खोलीवर कललेलं. खोड इतकं रुंद की दोघांनी हात पसरले तरी बोटं भिडत नव्हती. घरातली करवत त्याच्यापुढे खेळणं. मोठ्या करवतीवाले मागच्या वादळात पडलेल्या झाडांच्या कामांत गुंतलेले, महिनाभर कुणी येणार नव्हतं. आणि धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, नववा महिना लागलेला. ती मला निवडणाऱ्या बाईच्या, म्हणजे थोरलीच्या, बाहेरच्या खोलीत मुक्कामाला होती.

"ताई, तुमच्याकडे मला काही कमी नाही," ती म्हणायची, "पण बाळाला मी माझ्याच खोलीत नेणार. छताकडे बघत रात्र काढायची नाही मला."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून मला उघडलं गेलं. नवरा नट सोडवायचा. थोरली शिवणयंत्राच्या सवयीने एकेक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने डब्याच्या झाकणांत ठेवायची. नवा पिस्टन आला. सिलिंडर बारीक कागदाने घासून गुळगुळीत केला. कार्बोरेटरमधला वाळून कडक झालेला पडदा बदलला. फटीफटीत साचलेला भुसा थोरलीने जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला.

"भाऊजी, मीठ द्या म्हटलं तर आज नट देऊ नका," धाकटी ताट घेऊन कोपऱ्यात बसत म्हणाली.

"कालच्या भाजीपेक्षा नट बरा लागेल."

"भाजी तुमच्या बायकोने केली होती."

"मग मी काही बोललो नाही."

पाचव्या दिवशी मला अंगणात नेलं. तिसऱ्या दोरीला मी उठले. किती दिवसांनी पोटात असा स्वच्छ जाळ झाला. पण मला आतून ठाऊक होतं. घोडा सोडला आणि माझा वेग पुन्हा आपोआप चढू लागला. नवऱ्याने वेगाचा स्क्रू फिरवून कमी केला. साखळी थांबली.

"बसली बघ," तो म्हणाला.

थोरली कान देऊन ऐकत होती. "बसली नाही. दाबून बसवलीय. जरा कुशीवर करा बरं."

त्याने मला आडवं धरलं. माझा आवाज चढला आणि साखळी हळूहळू सरकायला लागली. मला लाज वाटली, पण थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"शनिवारी जोराचा वारा आहे," नवरा म्हणाला. "आज बुधवार. कापताना मी सांभाळून घेईन."

"झाडाकडे बघाल की पायाकडे?"

त्याने मला बंद केलं. ती आत गेली, डोळे मिटून क्षणभर हात जोडून उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "ही स्थिर होईपर्यंत माझ्या चहात साखर नाही."

"साखर सोडून यंत्र दुरुस्त होतं होय?"

"यंत्राचं राहू द्या. व्रत धरलं की माझा हात घाई करत नाही. यश द्यायचं की नाही ते वरच्याकडे. पण वाट बघताना मला काहीतरी हातात धरायला लागतं."

नवरा हसला, पण पाना खाली ठेवून खुर्ची ओढून बसला.

गुरुवारी सकाळी थोरलीच म्हणाली, "सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण काय करतो?" नवऱ्याने माझी सगळी तोंडं रबराचे तुकडे लावून बंद केली आणि एका नळीतून सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरली. थोरलीने वाटीत साबण घुसळला आणि फेस माझ्या सांध्यासांध्याला लावत गेली. एक बाजू झाली, काही नाही. दुसरी झाली, काही नाही. सांध्यात बसवलेल्या कागदी गॅस्केटवरही काही नाही.

"या घरात निदान कुणालातरी आज आंघोळ मिळाली," धाकटी म्हणाली. तिला त्या दिवशी पाण्याची बादली उचलू दिली नव्हती, त्याचा राग होता.

मग नवऱ्याने माझ्या बाजूचं, इंजिनाबरोबर फिरणारं मोठं चाक काढलं. त्याच्यामागे, चाकाचा दांडा जिथे इंजिनाच्या आत जातो तिथे, थोरलीने फेस लावला आणि हात आखडला. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. आत अंगठीएवढी रबरी सील होती, कडक होऊन चिरलेली. तिथून मी चोरून हवा ओढत होते. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून तो चढता वेग, म्हणून सरकणारी साखळी, म्हणून त्या माणसाच्या नडगीवरची रेघ. सगळी वर्षं मला वाटत होतं, माझा स्वभावच वाईट.

नवी सील मोटारसायकलींच्या दुकानात मिळाली. संध्याकाळी मी अंगणात चालू झाले, घोडा सुटला, आणि साखळी उभी राहिली. आडवी केली, उलटी केली, तरी उभीच. धाकटीने लगबगीने साखरेचा डबा आणला.

"आज नाही," थोरली म्हणाली. "झाड पडू दे."

शुक्रवारी दुपारी फांद्या हलू लागल्या होत्या. झाडाच्या उंच भागाला जाड दोर बांधला होता आणि पलीकडच्या रिकाम्या जागेच्या पार टोकाला, झाड पोचणार नाही अशा बुंध्याला लावलेल्या, हाताने फिरवायच्या चक्रावर तो ताणायचा होता. चक्रावर थोरली. धाकटीला रस्त्यापलीकडे पाठवलं होतं. थोरलीने आधी जाऊन झाडाच्या सालीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुझं झालं, बाबा. आता त्या बाळाला जागा दे."

रिकाम्या जागेच्या बाजूने नवऱ्याने खाच घेतली. मग मागून कापायला लागला. मी जीव तोडून कापत होते, भुसा पिठासारखा उडत होता. मागच्या कापाच्या फटीत त्याने एक पाचर ठोकली, मग दुसरी. अर्धं झालं असेल आणि त्याने घोडा सोडला. माझ्या पहिल्या मालकासारखीच मान तिरकी केली. थांबल्यावर साखळी अडकवायला माझा हात-ब्रेक लावायचा असतो, तो लावायला तो विसरला. माझं पातं त्याच्या मांडीपासून चार बोटांवर होतं.

माझी साखळी हलली नाही.

मी मंद, एकसारखी गुणगुणत राहिले. आणि त्या मंद आवाजाच्या पलीकडून ते ऐकू आलं. डाव्या बाजूने, खोल आतून, ओलं कापड फाटावं तसं. आत लाकूड कुजलेलं होतं. झाड डावीकडे, छताकडे वळू बघत होतं.

"ताण," तो ओरडला. "आणखी ताण, मी सांगेपर्यंत सोडू नको."

थोरलीने अख्खं अंग चक्रावर टाकलं. त्याने डावीकडे पाचर घातली आणि घणाचे सात घाव घातले. मग उजवीकडे माझा एक लांब, शांत काप. झाड क्षणभर उभं राहिलं, जणू विचार करत असावं. मग ते रिकाम्या जागेत आडवं झालं आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. छताचं एक कौलसुद्धा हललं नाही.

नवऱ्याने मला खाली ठेवलं, तेव्हा त्याला ब्रेक दिसला. तो बराच वेळ माझ्याकडे आणि स्वतःच्या मांडीकडे बघत राहिला. बायकोला म्हणाला, "बुधवारी कापलं असतं तर..."

"बुधवारी कापलं नाही," ती म्हणाली. तिचे तळवे चक्राच्या दांड्याने सोलवटले होते. चहा धाकटीने केला आणि तिच्या कपात तीन चमचे साखर घातली. ती न ढवळताच प्यायली.

आता मी त्याच घरात, मागच्या खोलीतल्या फळीवर असते. दिवसा त्या खोलीच्या खिडकीतून धाकटीची खोली दिसते. तिथे आता दुपारचं ऊन थेट आत येतं, आणि बाळ त्या उन्हात मुठी वळून झोपतं. मला चालू करायची वेळ आली की बाळ दचकू नये म्हणून नवरा आधी मला अंगणाच्या टोकाला नेतो. अस्वस्थ मी अजूनही आहे. उद्या कुठलं खोड, कुठला हात, हे मनात चालूच असतं. पण सोडलं की थांबता येतं, एवढा आधार मिळाला.

तुम्ही कधी माझ्यासारखी जुनी करवत घ्यायला गेलात, तर एवढंच करा. आधी तिच्यावर पालथा हात ठेवा. गरम असेल तर खोक्यावर बसा, ती गार होऊ द्या. आणि ती थांबत नसेल, तर स्वभाव वाईट म्हणून फळीखाली ढकलू नका. थोडा साबण घ्या, थोडा वेळ घ्या, आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा.