जांभळा पेंढा

आमच्या शेठना पाणी पिऊन दाखवायची भारी हौस. साजगावच्या रंगाईच्या कारखान्यात पाहुणे आले की ते त्यांना थेट मागच्या टाकीपाशी नेत. एका बाजूने कापड रंगवून उरलेलं जांभळं पाणी आत यायचं, मध्ये माझा पेंढा, आणि दुसऱ्या बाजूने नितळ पाणी बाहेर. मग शिपाई ट्रेमधून ग्लास आणायचा, शेठ तो गटागटा प्यायचे आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. ग्लासातलं पाणी बाटलीतलं असायचं.

पेंढा माझा, कारण तो मी तयार केला. मी तिथली केमिस्ट. भाताचा पेंढा बारीक कापायचा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवायचा आणि त्यावर एक रसायन चढवायचं, की तो पाण्यातला रंग ओढून घेतो आणि धरून ठेवतो. हात सोलवटले तेव्हा कुठे ते जमलं. मला त्याचा अभिमान होता आणि अजूनही आहे. पण रंग काही हवेत विरत नाही, तो पाण्यातून पेंढ्यात जातो, एवढंच. असा भरलेला पेंढा घातक कचरा म्हणून रीतसर विल्हेवाटीला पाठवायचा असतो, हे मी शेठना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"पाठवतोय ना, मॅडम," ते म्हणाले होते.

तो कुठे जातो ते मला शेणावरून कळलं. मी बायजाकाकूंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. सकाळी दात घासत अंगणात आले, तर काकू गोठ्यातलं शेण पाटीत भरत होत्या. त्या शेणात जांभळे धागे होते, आणि वास शेणाचा नव्हता, आमच्या टाकीचा होता.

"काकू, हे काय?"

"कंपनीचा पेंढा गं," काकू कौतुकाने म्हणाल्या. "शेटनी टेंपो भरभरून गावात वाटला. फुकाट! खारट हाय, गुरं आवडीनं खातात, म्हनाले."

खारट असणारच. रंगाईत मीठ पोत्यांनी पडतं. गोठ्यात काकूंची गाभण गाय चंद्री गव्हाणीत तोंड खुपसून खात होती. तिने मान वर केली तेव्हा जीभ जांभळी दिसली.

"तिला घालू नका, काकू. वाईट आहे ते."

"वाईट आसतं तं येवढा मोठा मानूस कशाला वाटंल? आन् तूच केलास ना? शेट सांगत व्हते, आमच्या छायाताईंचा पेंढा हाय म्हनून."

माझं नाव सांगून वाटला होता! शेणापेक्षा मला त्या माणसाची किळस आली. तशीच कारखान्यात गेले आणि शेठसमोर उभी राहिले. ते हसले.

"अहो मॅडम, सेल्युलोज म्हणजे चाराच की. गाय दुसरं काय खाते? तुम्ही आपली लॅब सांभाळा."

मी काकूंना रोज सांगत राहिले. त्या रोज "बरं" म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की पाटी ओतायच्या. साधा पेंढा चंद्री आता हुंगतही नव्हती, आणि गाभण जनावराला उपाशी कसं ठेवायचं?

मग चंद्री व्याली. पाडा झाला, धडधाकट. काकूंनी चिकाचा खरवस केला, शेजारी वाट्या दिल्या आणि एक डबा फडक्यात बांधला.

"शेटनी येवढा चारा दिला, त्यांच्या तोंडी पडाया पायजे."

मी अडवणार होते, पण अडवलं नाही. "चला," म्हटलं, "मीपण येते."

शेठ खूश झाले. डबा उघडून त्यांनी मोठा चमचा भरला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "वा! वेलची काय छान पडलीय. कुठल्या गाईचा?"

"माज्या चंद्रीचा, शेट. तुमचाच पेंढा खाती ना ती."

शेठचे डोळे उघडले. जबडा थांबला. ते उठले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि थुंकले. बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. पुन्हा भरली. मग बोट घालून जीभ घासली, खाकरले आणि परत थुंकले. गिळलेलं बाहेर काढायचीही त्यांची तयारी दिसत होती.

काकू उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"शेट," त्या हळूच म्हणाल्या, "माज्या नातीनं सकाळी वाडगाभर खाल्ला."

शेठनी टिश्यूने ओठ टिपले. "काही होत नाही हो. मला गोड चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय."

काकूंनी डबा उचलला, झाकण लावलं आणि बाहेर पडल्या. मी नातीला खालापूरला दवाखान्यात नेलं. "लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. कशावर, ते त्यांनाही सांगता येईना. परत आले तर कारखान्याच्या फाटकात जांभळ्या पेंढ्याचा ढीग पडला होता आणि गाव अजून पाट्या आणून ओतत होतं. वॉचमन नाकाला रुमाल लावून बघत होता.

गोठ्यात चंद्री दावं ताणून त्या ढिगाकडे तोंड करून हंबरत होती. पाडा भुकेने तिच्या कासेकडे ओढ घेत होता आणि काकूंनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"छाये," त्या म्हणाल्या, "तूच केलास तो पेंढा, तुला ठाव आसंल. याला पाजू का नको?"

मला ठाऊक नव्हतं.