मोतीबाबांची तिसरी बैठक

बाजारपेठेतल्या कापडदुकानाच्या वर एक लांबलचक हॉल आहे. एरवी तिथे सेलचा माल पडलेला असतो. त्या आठवड्यात मात्र जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतला जो तो शेजाऱ्याच्या तोंडात डोकावत होता.

"काल आमच्या साडूचे दात झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हसतोय."

"तुमचा साडू हसला? मग चमत्कारच म्हणायचा."

आत मोतीबाबा बसले होते. कपडे पांढरे, दाढी पांढरी, चपलासुद्धा पांढऱ्या. समोर ओळीनं खुर्च्या. खुर्चीतल्या माणसाच्या दाढांमध्ये चेला लाकडी खुंटी अडकवायचा, तारेनं ओठ मागे खेचायचा, ओठांना जांभळा लेप फासायचा आणि मोठा पंखा थेट तोंडावर सोडायचा. मग बाबांचा मंत्र आणि अर्धा तास तोंडानं श्वास. बोलायचं नाही, तोंड मिटायचं नाही, आणि रात्रीपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

"मी दात घासत नाही," बाबा सांगायचे. "घासायला तुम्हाला बोट दिलंय. मी दातातला अंधार काढतो. मनात शंका शिरली की दात पिवळा पडतो. म्हणून बघा, तान्ह्या पोराचे दात पांढरे आणि वकिलाचे पिवळे."

लोक हसायचे. खुंटीवाले घशातल्या घशात हसायचे. वेळ भरली की चेला दिवा आणि आरसा पुढे धरायचा. दात खरंच पांढरे दिसायचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, खोटं कशाला बोलू.

त्या ओळीत माझी नात होती.

तिचे पुढचे दात पहिल्यापासून पिवळट-तपकिरी. शाळेत पोरं तिला 'गंज' म्हणायची. तेव्हापासून बोलताना तिचा हात तोंडावर जातो. माझी साठी उलटल्यावर मला अक्षरं तिनंच शिकवली, तीही तोंडावर हात ठेवून. प आणि फ यांतला फरक मला कितीतरी दिवस कळेना, कारण शिकवणारीचे ओठच दिसायचे नाहीत. आता तिला पहिलीच्या वर्गावर नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"लहान मुलं ओठ बघून शिकतात, आजोबा," ती म्हणाली होती. "आणि ओठ बघितले की दात दिसणार."

दातांच्या डॉक्टरबाईंकडे ती आधी जाऊन आली होती. त्या म्हणाल्या, हिरड्या सुजल्यात, एक दाढ किडलीय, आधी ते बरं करू. मग हिरड्या नीट झाकून दातांवर औषध लावू. दोन-तीन खेपा लागतील. रंग बराच फिका होईल, पण साफ जाईलच असं वचन देत नाही.

"वचन देत नाही म्हणे," आमच्या सूनबाई घरी कुरकुरल्या. "मग डॉक्टर कशाला झाल्या? बाबा कसे छातीठोक सांगतात."

"छाती काय, कुणीही ठोकतं," मी म्हणालो.

"मामंजी, तुमचे राहिलेत चार दात. तुम्हाला काय कळायचं?"

पहिल्या बैठकीला पोरीचे दात पांढरे झाले. रात्रीपर्यंत ती आरसा सोडेना. सकाळी दात होते तसेच. दुसऱ्या बैठकीलाही तेच. बाबांनी मान हलवली. "रात्री शंका घेतलीस. तुझा अंधार मुरलेला आहे. तुला तिसरी बैठक, अमृतबिंदू." म्हणजे निळ्या बाटलीतलं पाणी, ब्रशनं थेट दातांवर. एकदा लावलं की जन्माचं काम.

मायलेकी हॉलकडे निघाल्या आणि मी डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाणी का पिऊ देत नाही तो?"

"व्रत म्हणतो."

"आणि बाटलीत काय आहे?"

"अमृत म्हणतो."

बाईंनी हातमोजे काढले. "काल एक रिक्षावाला आला होता. वाऱ्याची झुळूक लागली तरी कळवळतोय. काय लावलं विचारलं तर सांगेना, शपथ घातलीय म्हणे. चला, उठा."

जिन्यावर लोकांनी आम्हाला अडवलं.

"बाई, रांगेत या."

"यांचे तर पांढरेच आहेत. यांना कसली घाई?"

आम्ही कसेबसे आत घुसलो तेव्हा नातीच्या तोंडात खुंटी होती आणि बाबा बूच काढून बाटलीत ब्रश बुडवत होते. वास नाकात गेला. जन्मभर मी फरश्या बसवल्या. फरशीवर वाळलेलं सिमेंट उतरवायला आम्ही जे ॲसिड वापरतो, त्याचा वास मी झोपेतही ओळखेन. ब्रश पोरीच्या दातांपासून वीतभर लांब होता.

"बाबा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक थेंब आधी खाली फरशीवर टाका."

"अमृत पायदळी?"

"मग स्वतःच्या दाताला लावा."

"माझ्यात अंधार उरलेलाच नाही."

लोक हसले. दोघे-तिघे डॉक्टरबाईंना आडवे आले. सूनबाई मला म्हणाल्या, "मामंजी, पोरीच्या भल्यात मोडता घालू नका." बाबांनी ब्रश पुढे नेला. मी मध्ये हात घातला. एक थेंब माझ्या मनगटावर पडला, बाकीचे फरशीवर.

चुनखडीची फरशी ती. फसफसली. पांढरा फेस वर आला आणि खाली खडबडीत डाग उरला. पुढची माणसं वाकून बघू लागली.

"दगडाची ही गत," डॉक्टरबाई माझा हात नळाखाली धरून म्हणाल्या. "दाताचं वरचं आवरण यात खडूसारखं होतं. चार दिवस पांढरं दिसतं, मग झिजून जातं. ते परत येत नाही. कुठल्याच डॉक्टरला आणता येत नाही."

नातीनं खुंटी उपसून काढली होती. सूनबाई तिच्या ओठांची तार सोडवू लागल्या.

पण साडूवाला पुढे आला. "बाटली वाईट, मान्य. पहिल्या बैठकीला तर बाटली नसते. तरी दात पांढरे होतात, ते कसे?"

"बरोबर आहे," चारी बाजूंनी आवाज आले. बाबांच्या तोंडावर पुन्हा रंग चढला. "सांगा डॉक्टरबाई. दातखीळ का बसली?"

डॉक्टरबाई नातीजवळ गेल्या. "तू हो म्हणालीस तरच. डावे दात ओल्या कापसाखाली, उजवे उघडे. खुंटी तीच, पंखा तोच. बाबांनी खुशाल मंत्र म्हणावा."

ज्या पोरीनं जन्मभर तोंड लपवलं, तिच्या तोंडात आता अख्खा बाजार बघणार होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खुंटी उचलली, धुतली आणि स्वतःच्या हातानं बसवली.

अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. बाबा आधी मोठ्यानं मंत्र म्हणत होते, मग पुटपुटायला लागले, मग त्यांनी चेल्याकडे पाणी मागितलं. डॉक्टरबाई तेवढा कापूस पुन्हा पुन्हा ओला करत होत्या. मला पोरीच्या तोंडावर सुटलेल्या पंख्याचा राग येत होता.

शेवटी त्यांनी कापूस काढला आणि दिवा धरला. उजवे दात फिके पडले होते, डावे तपकिरीच होते. मधोमध जणू रेघ मारलेली.

"दात कोरडा पडला की फिका दिसतो," त्या म्हणाल्या. "ओला झाला की आपल्या रंगावर येतो. जांभळ्या लेपाशेजारी तो आणखी उजळ दिसतो. चमत्कार एवढाच. म्हणून तर पाण्याला बंदी."

धुतलेली फरशी गडद दिसते आणि वाळली की फिकी, हे तर माझ्या घरातलं ज्ञान. नातीनं तांब्याभर पाणी घेतलं, घोट घोट तोंडात धरत प्यायली. काही वेळानं उजवे दातही डाव्यांना जाऊन मिळाले.

"म्हणजे आमचा साडू..."

"घरी जाऊन त्याला पाणी पाजा," मागून कुणीतरी म्हणालं.

बाबा मागच्या जिन्यानं निघाले, पण खाली तो रिक्षावाला उभा होता. शपथ मोडून आला होता. बाटली पोलिसांकडे गेली. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. उतरताना एक बाई म्हणत होती, "पंखा अजून थोडा चालू ठेवला असता, तर डावेही झाले असते."

तिच्यासाठीच हे लिहितोय. बाई, प्रश्न विचारल्यानं खरं औषध नासत नाही. डॉक्टरबाईंना मी हजार प्रश्न विचारले, त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की तुमच्या शंकेनं गुण गेला. ज्या चमत्काराला घोटभर पाणी सोसत नाही, त्याला आधी पाणी पाजून बघा.

सोमवारी नातीला सोडायला गेलो आणि वर्गाच्या खिडकीशी रेंगाळलो. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलंच, "बाई, तुमचे दात असे का?"

नातीचा हात अर्ध्यावर गेला आणि खाली आला. "लहानपणी आमच्या विहिरीच्या पाण्यात एक क्षार जास्त होता. दात हिरडीत तयार होतानाच तो रंग चढला. डॉक्टरबाई औषध करणार आहेत, थोडे फिके होतील. आता इकडे बघा."

तिनं ओठांसमोर कागदाची पट्टी धरली. प म्हणाली, पट्टी जरा हलली. फ म्हणाली, पट्टी उडाली.

इतक्या वर्षांनी मला फ दिसला.